रावेरचं सहावं अक्षर

सी येतं, पॉइंटर कळतात, फाइलमधून ओळी वाचता येतात, असं धरूनच लिहितोय. तेवढं मलाही येत होतं. तरी चार दिवस पाण्यात गेले.

जळगावला शिकत होतो. ओळखीच्या एका केळी व्यापाऱ्याने विंडोजवरच्या एक्सेलमधून मालाची सीएसव्ही यादी काढून दिली: तारीख, क्विंटल आणि शेवटी गाव, इंग्रजी कॅपिटलमध्ये. गावागणिक बेरीज करायची, बस. लॅबमध्ये विंडोजवर प्रोग्राम चोख चालला. रूमवर येऊन लिनक्सवर चालवला तर रावेर शून्य, सावदा शून्य, यावल शून्य. एफगेट्सने सोबत येणारा न्यूलाइन मी आठवणीने काढत होतो, त्यामुळे तिकडे संशयच गेला नाही. कंपायलर पुन्हा टाकला. मग आख्खं लिनक्स पुन्हा टाकलं. एप्रिल महिना, वर पत्रे. हसू नका.

शेवटी गावाचं नाव चौकटी कंसात छापून पाहिलं. पडद्यावर उघडणारा कंस गायब, आणि त्याच्या जागी बंद होणारा कंस, नावाच्या आधी! स्ट्रलेन म्हणे रावेरची अक्षरं सहा. इंग्रजीत मोजा, पाचच भरतात.

सहावं होतं कॅरेज रिटर्न, क्रमांक 13. न्यूलाइनचा क्रमांक 10. विंडोजच्या टेक्स्ट फाइलमध्ये ओळ 13 आणि 10 या जोडीने संपते, लिनक्समध्ये नुसत्या 10 ने. टेलिप्रिंटरमध्ये छपाईचा गाडा डावीकडे परत न्यायला 13 आणि कागद एक ओळ सरकवायला 10, तिथून ही जोडी आली. 13 छापला की कर्सर आजही ओळीच्या सुरुवातीला जातो. माझा बंद कंस तिथेच जाऊन बसला होता.

मग लॅबमध्ये का चाललं? खरी मेख इथे आहे. विंडोजवर फाइल नुसत्या 'आर' मोडमध्ये उघडली की सीची लायब्ररी वाचतावाचताच 13-10 ची जोडी मोडून तुमच्या हातात एकटा 10 ठेवते. लिनक्सवर असं काही होत नाही, तिथे 'आर' आणि 'आरबी' सारखेच. म्हणजे 13 तुमच्यापर्यंत पोचणार की नाही हे दोन गोष्टींवर ठरतं: फाइल कुठे तयार झाली, आणि प्रोग्राम कुठे चालतोय. पुन्हा वाचा. मी फक्त दुसरीच गोष्ट धरून बसलो होतो, म्हणून लिनक्सला शिव्या घालत होतो. लिहितानाही तेच: विंडोजवर टेक्स्ट मोडमध्ये 10 लिहिला की 13 आपोआप लागतो. हुशारी करून स्वतः दोन्ही लिहाल तर फाइलमध्ये 13-13-10 पडेल.

एका सीनियरने तोडगा दिला. "अरे भो, शेवटची दोन अक्षरं कापून टाक ना!" कापली. काम झालं म्हणून चहाही पाजला. पुढची यादी लिनक्सवर सेव्ह झालेली निघाली आणि रावेरचं शेवटचं अक्षरच उडालं. व्यापाऱ्याच्या फाइलच्या शेवटच्या ओळीला तर एंटरच नव्हता, तिथे दोन अक्षरं गेली. मोजून कापायला सांगणाऱ्याला गुरू करू नका, चहा पाजा आणि निघा.

मी आता असं करतो: स्ट्रसीस्पॅनला ती ओळ आणि 'बॅकस्लॅश आर, बॅकस्लॅश एन' ही यादी द्यायची. यातलं कुठलंही अक्षर पहिल्यांदा जिथे सापडेल तो आकडा येतो, त्या जागी शून्य ठेवायचा. काहीच सापडलं नाही तर आकडा ओळीच्या लांबीइतका येतो, म्हणजे शेवटची ओळही शाबूत. एका ओळीचं काम आहे, घाबरण्यासारखं काही नाही. बफर मात्र मोठा घ्या, नाहीतर 13 या वाचनात आणि 10 पुढच्या वाचनात येईल आणि मध्येच एक रिकामी ओळ दिसेल.

डॉसटूयुनिक्स हा 13 काढून टाकणारा प्रोग्राम चालवून फाइल साफ करता येते, पण व्यापारी दर आठवड्याला नवी फाइल देतो. दर वेळी कोण चालवणार?

फोटो किंवा बायनरी फाइल असेल तर विंडोजवर 'आरबी'च लावा. टेक्स्ट मोडमध्ये 26 हा बाइट भेटला की फाइल संपली असं समजून वाचन तिथेच थांबतं.

आणि लिनक्सवर बेरीज चुकली की कोडला हात लावण्याआधी फाइलवर 'ओडी डॅश सी' चालवा. प्रत्येक ओळीच्या टोकाला तो 13 'बॅकस्लॅश आर' म्हणून उघडा दिसतो. मला चार दिवस लागले, तिथे दोन सेकंद लागतात.