मराठवाड्यातील साथीचे जिल्हावार प्रतिमान कसे मांडावे

संपूर्ण मराठवाडा हा एकच लोकसमूह मानून विषाणूच्या प्रसाराचे गणित मांडले, तर पैठणचा रुग्ण किनवटच्या माणसाला शेजाऱ्याइतक्याच सहजपणे भेटतो, असे गृहीत धरल्यासारखे होते. म्हणून आठही जिल्ह्यांची खाती वेगळी ठेवावीत आणि प्रत्येक खात्यात तीन गट करावेत: संसर्ग होऊ शकणारे, बाधित आणि बरे झालेले. तीन गटांची हीच विभागणी वापरून कर्मॅक आणि मॅककेंड्रिक या स्कॉटिश संशोधकांनी १९२७ मध्ये मुंबईच्या १९०५-०६ च्या प्लेगमधील मृत्यूंचे आकडे जुळवून दाखवले होते. प्लेग जिवाणूचा आणि पिसवांमार्फत पसरणारा, त्यामुळे उदाहरण फारसे चपखल नव्हते, हा भाग निराळा.

लोकसंख्या २०११ च्या जनगणनेतून घ्यावी. रुग्ण सरासरी ५ दिवस संसर्ग पसरवत असेल, तर रोज बाधितांचा पाचवा हिस्सा बरा होतो. साथीच्या आरंभी एका रुग्णापासून सरासरी दोघांना लागण होत असेल, तर दैनंदिन प्रसारदर, म्हणजे एका रुग्णापासून रोज सरासरी होणारी लागण, २ भागिले ५, म्हणजे ०.४ येतो.

खरी मेहनत ये-जा दाखवणाऱ्या तक्त्यात आहे. रांगेत राहण्याचा जिल्हा, स्तंभात वावरण्याचा जिल्हा आणि चौकटीत तेथे घालवलेल्या वेळेचा हिस्सा लिहावा; प्रत्येक रांगेची बेरीज १ आली पाहिजे. एखाद्या जिल्ह्यात त्या दिवशी प्रत्यक्ष हजर असलेल्यांपैकी बाधित किती, हे प्रमाण आधी काढावे आणि मगच तेथे वावरणाऱ्यांमधील नवी लागण मोजावी.

माहिती नसेल तेव्हा दोन जिल्ह्यांच्या लोकसंख्यांच्या गुणाकाराला अंतराच्या वर्गाने भागून ये-जा अंदाजण्याची रीत आहे. नांदेड-हिंगोलीसाठी ती चालून जाते. बीडसाठी ती फसवते, कारण तेथील ऊसतोड मजुरांच्या टोळ्या दसरा-दिवाळीच्या सुमारास मुकादमाबरोबर सांगली-कोल्हापूरकडे आणि कर्नाटकात जातात, फडाजवळच्या कोप्यांमध्ये दाटीने राहतात आणि गळीत हंगाम संपताच परततात. ही हालचाल अंतराने नव्हे, तर उचल आणि कराराने ठरते. त्यासाठी ऊसपट्ट्याचे नववे खाते, तेथील रहिवाशांसह, उघडावे आणि हंगामातला व हंगामाबाहेरचा असे दोन तक्ते करावेत. परतीचे दिवस मात्र स्वतंत्रपणे मांडावेत, कारण तेव्हा मजुरांबरोबर संसर्गही काही दिवसांतच गावोगाव पोहोचू शकतो. शिकवण्यांसाठी लातुरात राहणाऱ्या विद्यार्थ्यांचा विचारही असाच करावा.

रोजच्या हिशेबानंतर तिन्ही गटांची बेरीज जिल्ह्याच्या लोकसंख्येइतकीच येते का, हे तपासावे. फरक पडला, तर सूत्रात चूक आहे.

आरंभी रुग्ण दोन-चारच असतात, तेव्हा साध्या सूत्रातून ०.३ रुग्ण उरतो आणि पुढे त्यातूनच साथ उभी राहते, जे प्रत्यक्षात संभवत नाही. अशा जिल्ह्यांत नव्या रुग्णांची पूर्णांक संख्या यादृच्छिक पद्धतीने, म्हणजे फासे टाकल्यासारखी, काढावी, तेच गणित हजार वेळा चालवावे आणि किती वेळा साथ पसरली व किती वेळा आपोआप विझली, हे प्रमाण निष्कर्षात द्यावे.