जुन्या वृत्तपत्रांचा डिजिटल संग्रह बंद का पडतो? या चुका टाळा

जुन्या वृत्तपत्रांच्या बांधीव फायली स्कॅन करून संकेतस्थळावर चढवण्याचे काम वर्ष-दोन वर्षांत उरकते. उद्घाटन होते, बातमी छापून येते, आणि पुढे त्या संग्रहाकडे बघायला कुणी नेमलेलेच नसते. स्कॅनिंग एकदाच करायचे असते. लोकांसाठी संग्रह उघडा ठेवणे हे मात्र दरवर्षीचे काम आहे, आणि ते बहुधा अगदी किरकोळ कारणांनी अडते.

संकेतस्थळाचा पत्ता कुणाच्या नावावर आहे?

संकेतस्थळ अचानक दिसेनासे झाले की सगळे सर्व्हरकडे धावतात. आधी डोमेनची, म्हणजे विकत घेतलेल्या संकेतस्थळाच्या नावाची, मुदत तपासा. नाव बहुतेकदा स्कॅनिंगच्या ठेकेदाराच्या किंवा एखाद्या उत्साही कार्यकर्त्याच्या खात्यावर घेतलेले असते. ठेका संपतो, कार्यकर्ता गाव सोडतो, आणि नूतनीकरणाची सूचना कुणी न उघडणाऱ्या पेटीत जाऊन पडते. दुसरी चूक याहून फसवी आहे. खात्याला दिलेला ईमेल त्याच डोमेनवरचा असतो, त्यामुळे मुदत संपली की ईमेलही बंद पडतो आणि शेवटचा इशारा पोहोचतच नाही.

डोमेन संस्थेच्या नावावर घ्या. संपर्काला पदाचा ईमेल द्या, पण तो दुसऱ्या सेवेवरचा असू द्या, आणि त्याचा पासवर्ड कार्यवाह व ग्रंथपाल या दोघांकडे ठेवा. डॉट ऑर्ग किंवा डॉट कॉम एका वेळी जास्तीत जास्त 10 वर्षांसाठी घेता येते. अनुदान हातात असतानाच तेवढे पैसे भरून टाका. मुदत उलटलीच तर सवलतीच्या दिवसांनंतर नाव सोडवून घ्यायला 30 दिवस मिळतात, तेही जबर दंड भरून. त्यानंतर 5 दिवसांनी ते कुणालाही विकत घेता येते.

शोध रिकामा येतो, कारण अनुस्वार

संग्रह उघडतो, पाने दिसतात, पण शोधले की काही सापडत नाही. वाचक दोनदा प्रयत्न करतो आणि पुन्हा येत नाही. त्याच्या लेखी संग्रह बंदच असतो.

1928 च्या मुंबईतल्या गिरणी संपाच्या बातम्या शोधायला कुणी ‘संप’ टाइप करतो. पान जर निव्वळ काळ्या-पांढऱ्यात, म्हणजे एका बिटमध्ये स्कॅन केलेले असेल, तर पुसट छपाईतला अनुस्वाराचा ठिपका उडालेला असतो आणि ओसीआरने, म्हणजे चित्रातली अक्षरे वाचणाऱ्या सॉफ्टवेअरने, ‘सप’ वाचलेले असते. उलटही होते. पातळ कागदातून मागच्या पानाची शाई झिरपते आणि नको तिथे अनुस्वार उगवतात. म्हणून मूळ स्कॅन 8 बिट करड्या रंगात, 400 डीपीआयला, म्हणजे इंचाला 400 ठिपके धरून, घ्या. एका बिटच्या फाइलीतून हरवलेला ठिपका नंतर कोणत्याही सॉफ्टवेअरने परत येत नाही.

ओसीआर अचूक असले तरी शुद्धलेखन आडवे येते. 1962 च्या नियमांपूर्वीच्या अंकांत ‘पुण्यांत’, ‘नाहीं’, ‘कांहीं’, ‘त्यानें’, ‘कवि’, ‘गुरु’ असे छापलेले आहे. आजचा वाचक ‘पुण्यात’, ‘नाही’, ‘कवी’ टाकतो. मूळ मजकुराला हात लावू नका, ते साहित्य जसे छापले तसेच राहायला हवे. शोधसूचीसाठी त्या मजकुराची वेगळी प्रत करा. तिच्यातले सगळे अनुस्वार काढा, ह्रस्व-दीर्घ वेलांटी-उकार एकच माना, आणि वाचकाने टाकलेल्या शब्दावरही हीच प्रक्रिया करा. ‘दंड’ शोधताना चार ‘दड’ येतील, ते चालतील. काहीच न सापडण्यापेक्षा ते बरे.

आणखी एक भानगड पडद्यावर दिसतच नाही. ‘शेतकऱ्यांचे’ हा शब्द दोन प्रकारे साठवलेला असू शकतो. एकात ‘ऱ’ हे स्वतंत्र अक्षर असते, दुसऱ्यात साधा ‘र’, हलंत आणि त्यामागे न दिसणारे जोडचिन्ह. ‘ॲ’चेही तसेच आहे. तो कधी एका अक्षरात असतो, कधी ‘अ’वर चंद्र देऊन केलेला असतो. दिसायला दोन्ही सारखे, पण संगणकाच्या लेखी वेगळे शब्द. सूची बनवतानाच दोन्ही एका रूपात आणा. जुन्या श्री-लिपी किंवा आकृती फॉन्टमध्ये टंकलेल्या सूची असतील तर आधी त्या युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या संगणकांवर चालणाऱ्या अक्षरसंकेतांत, आणून घ्या, नाहीतर पडद्यावर नुसती रोमन अक्षरांची खिचडी येते.

तारखांकडेही बघा. शकाचे इसवी सन करताना सरसकट 78 मिळवले जातात. केसरीचा पहिला अंक 4 जानेवारी 1881 चा, तेव्हा शके 1802 चालू होते. 78 मिळवले तर तो 1880 मध्ये जाऊन बसतो. इंग्रजी वर्ष लागल्यापासून गुढीपाडव्यापर्यंतच्या अंकांना 79 मिळवावे लागतात.

मोठ्या फायली चुकीच्या जागी

38 बाय 58 सेंटिमीटरचे एक पान 400 डीपीआयला करड्या रंगात सुमारे 55 एमबीचे होते. चार पानी दैनिकाचे वर्षाला 300 अंक धरले तर 50 वर्षांची 60,000 पाने आणि साधारण 3.3 टीबी भरतात. एवढ्या टिफ फायली, म्हणजे पूर्ण तपशिलाचे मूळ स्कॅन, भाड्याच्या सर्व्हरवर ठेवल्या की दरमहा बिल येत राहते, आणि पैसे संपले की पहिली कुऱ्हाड संग्रहावर पडते. वाचकाला टिफ लागतच नाही. पानामागे 1 एमबीची प्रत पुरते, म्हणजे सगळा दृश्य संग्रह 60 जीबीत मावतो. तो चालवणे लहान ग्रंथालयालाही जमते.

टिफच्या तीन प्रती ठेवा. त्यांतल्या दोन वेगवेगळ्या प्रकारच्या साधनांवर असू द्या आणि एक दुसऱ्या गावी. कपाटात वर्षानुवर्षे पडून राहणाऱ्या प्रतीसाठी एसएसडी वापरू नका, वीज नसताना तिच्यातली माहिती हळूहळू उडू शकते. प्रत्येक फाइलचा एसएचए-256 ठसा, म्हणजे फाइल जराही बदलली की बदलणारा आकडा, काढून यादी करा आणि वर्षातून एकदा पडताळा. हे केले नाही तर बिघडलेलीच फाइल तिन्ही ठिकाणी नकलून ठेवली जाते.

पैसा एकदाच मागू नका. वर्षाचा खर्च 30,000 रुपये असेल आणि व्याज 6 टक्के, तर 5 लाखांची कायम ठेव लागते, महागाई धरली तर जास्तच. हा आकडा स्कॅनिंगच्या अर्जातच घाला. ऑस्ट्रेलियाच्या ट्रोव्हसारख्या राष्ट्रीय संग्रहाचाही निधी 2023 च्या मध्यात संपत आला होता. सरकारने चार वर्षांसाठी 3.3 कोटी डॉलर आणि त्यापुढे दरवर्षीची तरतूद जाहीर केली, तेव्हा तो निभावला.

मोडलेले दुवे

पानाच्या पत्त्यात सॉफ्टवेअरची खूण ठेवू नका. पत्ता वृत्तपत्राचे नाव आणि 1920/01/31/03 असा, म्हणजे वर्ष, महिना, दिवस, पान एवढाच असावा. सॉफ्टवेअर बदलले तरी तो टिकतो. जुने पत्ते बदलावेच लागले तर प्रत्येकावर 301 चे कायमचे रीडायरेक्ट लावा, म्हणजे जुना दुवा वाचकाला आपोआप त्याच पानाच्या नव्या पत्त्यावर नेतो. सगळे पत्ते मुखपृष्ठावर ढकलणे म्हणजे प्रबंधांतल्या तळटीपा मारणे. वर्षाची एकच पीडीएफही करू नका. ती मोबाइलवर उघडत नाही आणि पानाचा दाखला देता येत नाही.

पाने दाखवण्यासाठी एकाच कंपनीच्या बंदिस्त साधनावर विसंबू नका. अडोबीच्या फ्लॅश या सॉफ्टवेअरवर बांधलेले वाचनयंत्र जानेवारी 2021 मध्ये एकाएकी बंद पडले, मागच्या प्रतिमा शाबूत असूनही. पाने फुकट ठेवणारी दुसरी सेवा मिळाली म्हणून आपली प्रत टाकूनही देऊ नका. गुगलने वृत्तपत्रे स्कॅन करण्याचा उपक्रम 2011 मध्ये थांबवला.

संग्रह मंदावला तर सर्व्हरची नोंदवही पाहा. आजकाल बॉट, म्हणजे आपोआप पाने उघडत फिरणारे प्रोग्राम, एकेका पानाच्या हजारो मागण्या करतात. पाने स्थिर स्वरूपात साठवा आणि मागण्यांवर मर्यादा घाला. सगळ्यांसाठी लॉगिन लावू नका, त्याने खरा वाचक बाहेर राहतो.

कॉपीराइटच्या भीतीने सगळेच बंद करण्याचीही गरज नाही. 1960 ची बिनसहीची बातमी 31 डिसेंबर 2020 नंतर मोकळी झाली. सहीचा लेख लेखकाच्या मृत्यूनंतर 60 वर्षांनी, तेही ते वर्ष सरल्यावर मोकळा होतो. नंतरचे अंक ग्रंथालयातल्या संगणकावर दाखवा आणि जुने सर्वांसाठी उघडे ठेवा.

ऑक्टोबर 2023 मध्ये ब्रिटिश लायब्ररीवर सायबर हल्ला झाला तेव्हा डिजिटल संग्रहाच्या प्रती सुरक्षित होत्या, पण त्या चालवायला यंत्रणा उरली नव्हती. म्हणून वर्षातून एकदा कोऱ्या संगणकावर, फक्त कपाटातली डिस्क आणि लिहून ठेवलेल्या पायऱ्या घेऊन, एका वर्षाचे अंक उभे करून पाहा. हे काम संग्रह बांधणाऱ्याला देऊ नका, दुसऱ्याला द्या. तो जिथे अडेल ती पायरी लगेच कागदावर दुरुस्त करा, आणि तो कागद डिस्कसोबत त्याच पाकिटात ठेवा.