प्रायोगिक छायाचित्रणाचा अभ्यासक्रम निवडताना
पुण्यात कला महाविद्यालयातील प्रायोगिक छायाचित्रणाचे अभ्यासक्रम पारखताना माहितीपत्रकाआधी डार्करूम, म्हणजे छायाचित्रे तयार करण्याची अंधारी खोली, पाहावी आणि स्वतःच्या हाताने किती प्रिंट काढायला मिळतात, हे तिथल्या विद्यार्थ्यांनाच विचारावे. इंग्रज शास्त्रज्ञ जॉन हर्शेल यांनी १८४२ साली शोधलेली सायनोटाइप ही निळ्या छपाईची पद्धत शिकवणार असतील, तर ती कोणत्या महिन्यात, हा प्रश्न मला फार महत्त्वाचा वाटतो. कारण लोहक्षारांचा लेप दिलेल्या कागदावर पिंपळाचे पान ठेवून तो एप्रिलच्या उन्हात काही मिनिटे धरला आणि पाण्यात धुतला, की गडद निळ्यावर पानाची जी पांढरी आकृती उमटते, ती जुलैच्या ढगाळ हवेत सहज साधत नाही. अतिनील दिव्यांची सोय असल्यास ही अडचण उरत नाही. रसायने व कागद शुल्कातच धरले आहेत का, तेवढे लेखी घ्यावे.