नेमबाजीच्या रेंजवर रायफल नेण्यासाठी बॅग कशी निवडावी

२०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने ५० मीटर थ्री पोझिशन रायफल प्रकारात ब्राँझ आणलं आणि कोल्हापुरातल्या आईबाबांचे आमच्या नेमबाजी क्लबाकडे येणारे प्रश्न वाढले. नेमबाज तेजस्विनी सावंतमुळे या गावाला रायफल नवी नव्हतीच, पण आता घराघरांत दहा मीटरवर नेम धरायची, हवेच्या दाबावर चालणारी एअर रायफल यायला लागली आहे. रायफल घेताना लोक महिनोन्‌महिने विचार करतात. वॉल्थर घ्यावी की फाइनवर्कबाऊ, नवी की जुनी, सगळं चारचौघांना विचारून ठरवतात. आणि मग ती लाखांतली वस्तू मुलीच्या हातात देऊन म्हणतात, "ताई, आता ही रोज आणायची कशात?"

रायफलीबरोबर कंपनीची कडक केस येते. ती विमानासाठी आणि लांबच्या स्पर्धेसाठी जपून ठेवा. रोजच्या सरावाला तिचा उपयोग नाही. मुळात जड असते, स्कूटरवर बसत नाही आणि तिच्यात काय आहे ते लांबूनही कळतं. रोजच्यासाठी मऊ, जाड अस्तराची, चारचौघांत नजरेत न भरणारी बॅग हवी.

नजरेत का भरू नये, ते आधी स्पष्ट करते. एक, बसस्टॉपवर कुणी 'बंदूक आहे' म्हणालं की माणसं घाबरतात, आणि पंधरा वर्षांच्या मुलीभोवती गर्दी जमणं कुणालाच नको असतं. दोन, चोरी. ही बॅग रस्त्यावरच्या नजरांपासून झाकण्यासाठी आहे, पोलिसांपासून लपवण्यासाठी नाही. पोलिसाने, रेल्वे सुरक्षा दलाच्या जवानाने किंवा तपासणीवरच्या माणसाने विचारलं की पहिल्याच वाक्यात सांगायचं: "आत स्पर्धेची एअर रायफल आहे, रिकामी आहे, ही कागदपत्रं." आधी बोलायचं, मग त्यांनी सांगितल्यावरच चेन उघडायची. मुलांकडून मी हे क्लबात बोलून घेते.

बॅगेआधी रायफलीचं काय काय सुटं करायचं ते ठरवा, कारण बॅगेचं माप त्यावर ठरतं. नवख्या पालकांना वाटतं, जितके तुकडे जास्त तितकं सोयीचं. तसं नाही. बॅरल (नळी) आणि ॲक्शन, म्हणजे गोळी भरण्या-सोडण्याची यंत्रणा, स्टॉकमधून, म्हणजे रायफलीच्या मुख्य सांगाड्यातून, रोज काढू नका. ते स्क्रू ठरावीक ताणाने आवळलेले असतात. रोज सोडवून पुन्हा आवळले की बसणी बदलते आणि गोळीचा नेम सरकतो. दहा मीटरच्या टार्गेटवर दहाचा ठिपका फक्त अर्धा मिलिमीटरचा असतो. तिथे एवढीशी हालचालही गुण खाते.

सुट्या करायच्या तीनच गोष्टी. पहिली बट प्लेट, म्हणजे खांद्याला टेकणारा मागचा भाग. ती काढली की लांबी चांगलीच कमी होते. तिच्या दांड्यावर, जिथे ती नेहमी बसते तिथे, नेलपॉलिशची बारीक रेघ ओढून ठेवा, म्हणजे रेंजवर पुन्हा मोजमाप करत बसावं लागत नाही. आमच्या क्लबातल्या प्रत्येक रायफलीवर अशी लाल किंवा गुलाबी रेघ आहे. दुसरी गोष्ट डायॉप्टर, म्हणजे नेम धरायची मागची साईट. बॅगेत सगळ्यात आधी मार खाते ती हीच. ती ज्या पट्टीवर बसते त्या रेलवर तिची जागा खूण करून ठेवायची, काढायची आणि तिच्या डबीत ठेवायची. पुन्हा बसवताना एखाददुसरा क्लिक इकडेतिकडे होतो. मॅचआधी तयारीला आणि सायटिंगला, म्हणजे नेम जुळवून घ्यायला, जी पंधरा मिनिटं मिळतात ती त्यासाठीच आहेत.

तिसरी गोष्ट सिलिंडर. त्यात २०० बारपर्यंत दाबाची हवा असते. ते फिरवून काढा. पण सिलिंडर काढलं म्हणजे रायफल निकामी झाली असं समजू नका. हवेचा दाब सारखा ठेवणाऱ्या रेग्युलेटरच्या पुढे थोडी हवा अडकून राहते आणि तिच्यावर एक पेलेट, म्हणजे एअर रायफलीची छोटी गोळी, सुटू शकतो. म्हणून आधी रेंजवरच, नळी टार्गेटकडे ठेवून, ब्रीच, म्हणजे पेलेट भरायची जागा, उघडून आत काही नाही ते डोळ्याने पाहायचं, मग सिलिंडर काढायचं, पुन्हा त्याच दिशेला ट्रिगर दाबून उरलेली हवा सोडायची. त्यानंतर बॅरलमधून आरपार सेफ्टी फ्लॅगची, म्हणजे रायफल रिकामी असल्याच्या खुणेची, दोरी. ती दोन्ही टोकांना दिसली पाहिजे. बॅगेत जाताना दोरी आतच असते, घरी पोचेपर्यंत.

आता माप. बट प्लेट काढलेली रायफल चादरीवर आडवी ठेवा आणि टेपने तीन मापं घ्या: नळीच्या टोकापासून स्टॉकच्या टोकापर्यंत लांबी, ग्रिपच्या, म्हणजे हाताच्या मुठीच्या, तळापासून गाल टेकवायच्या चीक पीसच्या माथ्यापर्यंत उंची, आणि सगळ्यात रुंद जागी जाडी. जोडलेली रायफल साधारण १०५ ते ११० सेंटिमीटर भरते, सुटी केल्यावर बरीच आखूड होते, पण मॉडेलनुसार फरक पडतो, म्हणून दुसऱ्याच्या रायफलीच्या मापावर बॅग घेऊ नका. लांबीला दोन्ही टोकांकडे चार-चार बोटं सोडा. त्याहून जास्त जागा सोडली की रायफल आत पुढेमागे सरकते, आणि सरकणं हेच सगळ्या नुकसानीचं मूळ आहे.

बाजारात तयार मिळणाऱ्यांपैकी बरेच जण गिटारची बॅग घेतात. मला ती पटत नाही. तिचा आकार एका टोकाला फुगीर, दुसऱ्या टोकाला अरुंद. नळीकडची बाजू चेपते आणि ग्रिपकडे पोकळी राहते. कीबोर्डची, म्हणजे ६१ पट्ट्यांच्या वाद्याची बॅग त्याहून खूप चांगली. सरळ चौकोनी असते, अस्तर जाड असतं, आणि कुणी दुसऱ्यांदा वळून पाहत नाही. उंची मात्र तपासून घ्या, ग्रिप अडकते. क्रिकेटची किटबॅगही चालते. बॅट जास्तीत जास्त ९६.५ सेंटिमीटरची असते, त्यामुळे आखूड केलेली रायफल बऱ्याचदा बसते, आणि आपल्याकडे किटबॅग घेऊन फिरणाऱ्या मुलाइतकं साधं दृश्य दुसरं नाही. पण किटबॅगेला कडेने अस्तर नसतं, ते वेगळं घालावं लागेल. ट्रायपॉडच्या बॅगा अरुंद पडतात. आणि ज्या बॅगा खास 'टॅक्टिकल' म्हणून विकल्या जातात, हिरव्या-खाकी ठिपक्यांच्या, बाहेर पट्टेच पट्टे असलेल्या, त्या घेऊच नका. न सांगता सगळं सांगून टाकतात.

माझं मत विचाराल तर शिवून घ्या. बॅगा शिवणारे कारागीर प्रत्येक तालुक्याच्या गावात आहेत, आणि हे काम त्यांच्या हातचं आहे. फक्त काय हवं ते नेमकं सांगता आलं पाहिजे.

बाहेरचं कापड जाड मॅटी किंवा चांगलं नायलॉन. रंग करडा किंवा गडद निळा. त्यावर क्लबचं नाव, तिरंगा, रायफलीचं चित्र, काही नको. मुलांना हौस असते, त्यांना जर्सीवर लावू द्या. आत ईव्हीए फोम, म्हणजे पाणी न शोषणारा घट्ट फोम. साधा पिवळा स्पंज चार महिन्यांत चपटा होतो आणि पावसाळ्यात पाणी धरून ठेवतो. बाजूंना पंधरा मिलिमीटर पुरे, पण दोन्ही टोकांना आणि तळाला दुहेरी घ्या, कारण बॅग टेकवली जाते ती टोकावरच. अस्तर गुळगुळीत हवं. मखमलीसारखं कापड दिसायला छान, पण पुढच्या साईटचा बोगदा त्यात अडकतो आणि धागे ओढले जातात.

चेन दहा नंबरची, दोन रनरची, आणि रनरना भोकं असलेली, म्हणजे दोन्ही एकत्र आणून छोटं कुलूप लावता येतं. चेन तीन बाजूंनी फिरवायला सांगा, बॅग पुस्तकासारखी पूर्ण उघडली पाहिजे. वरच्या तोंडातून रायफल आत सारायची बॅग घेतली की रोज कशाला तरी घासते. आत वेल्क्रोचे दोन पट्टे, एक नळीवर आणि एक ग्रिपच्या मागे. खांद्याचा पट्टा बॅगेच्या कडेला नुसता टाचून चालत नाही. तो तळाखालून फिरवून घ्यायचा आणि जोडावर चौकोनात फुलीची शिलाई मारायची. कारागिराला 'चौकोन मारून फुली' म्हटलं की कळतं. एअर रायफल नियमाने साडेपाच किलोपर्यंत असू शकते, त्यावर सिलिंडरचा खिसा, पेलेट, जॅकेट वेगळ्या पिशवीत असलं तरी वजन होतंच.

खिसे थोडे. सिलिंडरला आतून जाड फोमचा एक. पेलेटच्या डबीला एक, पण डबीत वर स्पंजचा गोल तुकडा घाला; ५०० पेलेटची डबी प्रवासभर खुळखुळत राहिली की पेलेटच्या कडा चेपतात आणि टार्गेटवरचा गोळ्यांचा गट पसरतो. बाहेरून एकच सपाट खिसा, कागदांसाठी.

कागदांत रायफलीचं बिल, क्लबचं किंवा रायफल असोसिएशनचं ओळखपत्र, आधार आणि स्पर्धा असेल तर प्रवेशपत्र. शस्त्र नियम २०१६ प्रमाणे ४.५ मिलिमीटरपर्यंतच्या आणि २० ज्यूलपर्यंतच्या एअर रायफलीला परवाना लागत नाही. आपली दहा मीटरची रायफल साडेसात ज्यूलच्या आसपास असते. .२२ ची, म्हणजे काडतुसं वापरणाऱ्या रायफलीची, गोष्ट पूर्ण वेगळी. तिला परवाना लागतो, तो सोबत हवा, आणि काडतुसं रायफलीच्या बॅगेत ठेवायची नाहीत. शिवाय गणपती, निवडणुका अशा काळात महाराष्ट्र पोलीस कायद्याच्या कलम ३७ खाली शस्त्रं बाळगून फिरण्यावर बंदीचे आदेश निघतात. तेव्हा 'आपली तर एअर रायफल' म्हणून निघू नका. आधी क्लबातून पत्र घ्या आणि पोलीस ठाण्यात विचारा.

प्रवासात बॅग मोठ्या माणसाने सांभाळायची. स्कूटरवर मागे बसणाऱ्याच्या पाठीवर, उभी, घट्ट. आडवी धरली की शेजारच्या गाडीला लागते. एसटीत डिकीत टाकू नका, दोन गुडघ्यांच्या मध्ये उभी धरा. कोयना एक्स्प्रेसने पुण्यात बालेवाडीच्या स्पर्धेला जाताना आम्ही मुलांना खिडकीकडे बसवतो आणि बॅगा आतल्या बाजूला, पायाशी. गाडीत उन्हात सोडून चहाला जायचं नाही, सिलिंडर असताना तर नाहीच. विमानाने जायचं झालं तर कंपनीची कडक केस, सिलिंडर पूर्ण रिकामं करून काढलेलं, आणि विमान कंपनीला आधीच कळवलेलं. मऊ बॅग तिथे चालणार नाही.

कोल्हापूरच्या पावसात बॅगेवर रेनकव्हर लागतंच. कापडावरचा लेप कितीही चांगला असला तरी पाणी शिरतं ते चेनमधून. घरी पोचल्यावर रायफल बॅगेतून बाहेर काढा, कोरड्या कापडाने पुसा आणि कुलपाच्या कपाटात ठेवा. बॅग उघडी टाकून पंख्याखाली वाळवा. सिलिका जेलच्या पुड्या दोन्ही टोकांना ठेवा आणि पावसाळ्यात महिन्याला बदला.

नवी बॅग शिवून आली की लगेच रायफल घालू नका. आधी तिच्यात आठ किलो तांदळाची पिशवी घाला, चेन लावा आणि आठवडाभर तीच घेऊन रेंजवर ये-जा करा. पट्ट्याचा जोड उसवतोय का, चेनचा रनर कोपऱ्यावर अडतोय का, खांद्याला कुठे काचतंय, सगळं त्यात कळतं. मग ती घेऊन कारागिराकडे जा. शिलाईत राहिलेली कसर ते बहुतेक वेळा पैसे न घेता दुरुस्त करून देतात.