नवी कॉइल घेण्याआधी कपलर उघडून बघा

गाडी उभ्या जागी थरथरते, चढावर दम टाकते, अ‍ॅक्सिलरेटर दाबला की झटके देते आणि डॅशबोर्डवर चेक इंजिनचा दिवा लागतो. स्कॅनर (गाडीतले दोषाचे कोड वाचणारं यंत्र) लावला की पी०३५१ ते पी०३६२ यांपैकी एखादा कोड दिसतो, आणि बहुतेक लोक तिथूनच थेट नवी इग्निशन कॉइल (प्लगला ठिणगी देणारा भाग) आणायला जातात. थोडं थांबा. या कोडच्या वर्णनात 'सर्किट' असा शब्द असतो. कॉइल हा त्या सर्किटचा एक भाग झाला. फ्यूज, रिले (विजेवर चालणारा स्विच), अर्थ (बॉडीला जोडलेली निगेटिव्ह), कपलर (वायरी कॉइलला जोडणारा प्लास्टिकचा जोड), वायर आणि ईसीएम (इंजिनचा कंप्युटर) हे बाकीचे भाग, आणि दोष यांतल्या कशातही असू शकतो.

कॉइल म्हणजे छोटा ट्रान्सफॉर्मर. आत जाड तारेचे थोडे वेढे (प्रायमरी) आणि बारीक तारेचे हजारो वेढे (सेकंडरी) असतात. ईसीएम काही मिलिसेकंद प्रायमरीतून करंट जाऊ देतो आणि मग एकदम तोडतो. करंट तुटला की चुंबकीय क्षेत्र कोसळतं, सेकंडरीत २०,००० व्होल्टच्या वर दाब तयार होतो आणि प्लगच्या फटीत ठिणगी पडते. ईसीएमची नजर या करंटवर, किंवा कॉइलकडून परत येणाऱ्या सिग्नलवर असते. अपेक्षेप्रमाणे काही दिसलं नाही की तो कोड नोंदवतो. पी०३०१, पी०३०२ असे मिसफायरचे (सिलिंडरमध्ये इंधन नीट न पेटण्याचे) कोड वेगळे. त्यांच्यामागे इंजेक्टर, कॉम्प्रेशन असंही काही असू शकतं. पी०३५१च्या घराण्यातला कोड आला असेल तर शोध विजेच्या बाजूने सुरू करा.

दिवा सतत लागून न राहता लुकलुकत असेल तर गाडी चालवू नका. न जळलेलं पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन तिथे पेटतं आणि तो वितळू शकतो. ती दुरुस्ती कॉइलच्या कितीतरी पट महाग पडते.

काम सुरू करताना इंजिन गार हवं आणि चावी बंद. चालू इंजिनवर कॉइल उपसून 'करंट येतो का' बघायची जुनी सवय सोडा. झटका जीवघेणा ठरू शकतो, शिवाय मोकळी सुटलेली ठिणगी ईसीएमही उडवू शकते. पेसमेकर बसवलेल्या माणसाने या कामाला हात लावू नये.

सगळ्यात आधी सगळे कोड आणि स्कॅनरवरचा फ्रीझ फ्रेम लिहून घ्या. कोड आला तेव्हा इंजिन गरम होतं का, किती आरपीएमवर होतं, हे त्यात सापडतं. पुसायची घाई करू नका. सगळ्याच कॉइलचे कोड एकदम आले असतील तर सगळ्या कॉइल एकाच दिवशी मरत नाहीत, हे लक्षात घ्या. त्यांचा सामाईक फ्यूज, रिले किंवा अर्थचा बोल्ट आधी बघा.

एकाच कॉइलचा कोड असेल तर अदलाबदल करा. समजा पी०३५२ आहे. दोन आणि तीन नंबरच्या सिलिंडरवरच्या कॉइल एकमेकींच्या जागी बसवा, कोड पुसा, गाडी चालवून बघा. कोड पी०३५३ झाला तर दोष कॉइलबरोबर सरकला, म्हणजे कॉइलच खराब. पी०३५२च राहिला तर कॉइल निर्दोष आहे, वायरिंगकडे वळा. मात्र कोडचा क्रमांक आणि सिलिंडरचा क्रमांक सगळ्याच गाड्यांत जुळत नाहीत, आणि काही गाड्यांत एक कॉइल दोन सिलिंडरना ठिणगी देते. आधी मॅन्युअलमध्ये खात्री करा.

आता कपलर. इथे वेळ द्या, कारण माझ्या अनुभवात निम्मी उत्तरं इथेच मिळतात. एकदा मी नवी कॉइल बसवली आणि दोन दिवसांत तोच कोड परत आला. कपलर काढून टॉर्चच्या उजेडात तोंड बघितलं, तर तीन पिनांपैकी मधली बाकीच्यांपेक्षा दोनेक मिलिमीटर आत दबलेली. कपलर बसवताना 'टक्' आवाज येत होता, लॉक लागत होतं, पण ती पिन कॉइलच्या पिनेला जेमतेम चिकटत होती आणि इंजिन तापलं की सुटत होती. म्हणून प्रत्येक पिन निरखा. हिरवट बुरशी, काळा डाग, सैल पडलेली पकड, उष्णतेने कडक होऊन तुटलेलं लॉक, काहीही सोडू नका. कपलरच्या मागे जिथे वायरी वळतात तिथे आवरणाच्या आत तार तुटलेली असू शकते. हलकेच ओढून बघा. रबरासारखी ताणली गेली तर आत तार उरलेली नाही.

नंतर मोजमाप. चावी ऑन करून कपलरच्या सप्लाय पिनवर टेस्ट लॅम्प लावा, तो लख्ख पेटला पाहिजे. मल्टिमीटर १२ व्होल्ट दाखवतो म्हणून खूश होऊ नका. एका उरलेल्या धाग्यावरही १२ व्होल्ट दिसतात, लोड मात्र निघत नाही. काही गाड्यांत हा सप्लाय चावी फिरवल्यावर दोन-तीन सेकंदच राहतो, तेव्हा स्टार्टर मारताना तपासा. अर्थची पिन असेल तर लॅम्पचं दुसरं टोक बॅटरीच्या पॉझिटिव्हला जोडून तीही तशीच तपासा.

ट्रिगर वायरला (ईसीएमकडून ठिणगीचा इशारा आणणारी वायर) साधा बल्बचा लॅम्प लावू नका. तीन किंवा चार वायरींच्या कॉइलमध्ये इग्नायटर (करंट जोडणारा-तोडणारा इलेक्ट्रॉनिक स्विच) बहुधा आतच असतो आणि ट्रिगर जेमतेम ५ व्होल्टचा असतो. एलईडी टेस्टर किंवा हर्ट्झ मोजणारा मल्टिमीटर वापरा, स्टार्टर मारताना सिग्नल धडधडताना दिसला पाहिजे. नसेल तर बॅटरीची निगेटिव्ह काढा, ईसीएमचा कपलर सोडवा आणि त्या वायरीची दोन्ही टोकं ओहममध्ये मोजा. १ ओहमच्या आत यायला हवं, आणि बॉडीशी कुठेही कंटिन्युइटी (विजेचा जोड) दिसता कामा नये.

दोन वायरींच्या कॉइलची प्रायमरी साधारण अर्धा ते दोन ओहम भरते, नेमका आकडा मॅन्युअलमधून घ्या. इग्नायटर आत असलेल्या कॉइलचं असं मोजमाप होत नाही, तिथे अदलाबदलच खरी. वायरी ठीक असून ट्रिगर येत नसेल तर संशय ईसीएमवर. पण नवा ईसीएम लावण्याआधी कॉइल शॉर्ट नाही ना ते बघा, नाहीतर तोही जळेल.

दुरुस्तीत तुटलेली वायर त्याच जाडीच्या वायरीने जोडा, सोल्डर करून वर हीट श्रिंक (तापवलं की आवळणारी नळी) चढवा. नुसती पिळून टेप गुंडाळली तर इंजिनच्या थरथरीने ती सुटते. खराब कपलर पूर्ण बदला. कॉइल काढलीच आहे तर प्लगच्या खड्ड्यात डोकवा. तिथे ऑइल असेल तर टॅपेट कव्हरचं पॅकिंग गेलंय, ते बदलल्याशिवाय नवी कॉइलही टिकणार नाही. प्लगची फट जास्त झाली असेल तर प्लगही बदला, कारण मोठी फट ओलांडायला कॉइलला जास्त दाब द्यावा लागतो आणि ती लवकर मरते.

शेवटी कोड पुसा, गाडी सुरू करा आणि इंजिन चालू असतानाच हार्नेस (वायरींचा जुडगा) हलवून बघा. हात कॉइलपासून लांब ठेवा. मग इंजिन पूर्ण तापेपर्यंत चालवा, एखादा चढही घ्या, आणि स्कॅनरवर त्या सिलिंडरचा मिसफायर काउंटर शून्यावर थांबतो का ते बघा.