तोंड वाकडं झालंय? स्टेरॉईडच्या बाबतीत या चुका टाळा

सकाळी चूळ भरताना पाणी ओठाच्या एका कोपऱ्यातून गळतं. आरशात बघावं तर एक डोळा मिटत नाही, डोळ्याचा पांढरा भाग दिसतच राहतो. आपल्याकडे ‘वारं गेलं’ म्हणतात आणि तेल गरम करायला घेतात. सगळ्यात महागात पडते ती हीच चूक, कारण तेलमालिशीत दिवस निघून जातात.

आधी कपाळ बघा. भुवया उचलताना दोन्ही बाजूंना आठ्या पडत असतील, हात लुळा पडला असेल किंवा बोलणं अडखळत असेल तर तो मेंदूचा झटका असू शकतो. तडक मोठं हॉस्पिटल गाठा. कपाळाची अर्धी बाजूही हलत नसेल तर बहुधा बेल्स पाल्सी, म्हणजे चेहऱ्याच्या एका बाजूचा लकवा. तरी निदान डॉक्टरांनाच करू द्या. या आजारात चेहऱ्याची नस (रक्तवाहिनी नव्हे, मज्जातंतू) कानामागच्या हाडातल्या अरुंद बोगद्यात सुजून दाबली जाते. ही सूज उतरवतं प्रेडनिसोलोन हे स्टेरॉईड, म्हणजे आपल्याच अ‍ॅड्रिनल ग्रंथीतल्या कॉर्टिसॉल हॉर्मोनसारखं बनवलेलं औषध. ते ७२ तासांच्या आत सुरू व्हायला हवं. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या स्कॉटलंडमधल्या चाचणीत नऊ महिन्यांनी हे औषध घेतलेल्यांपैकी ९४.४ टक्के बरे झाले, न घेतलेल्यांपैकी ८१.६ टक्के. म्हणजे पुष्कळ जण औषधाविनाही सुधारतात, आणि श्रेय तेलाला मिळतं!

स्टेरॉईडचं नाव निघालं की घरात कुजबूज सुरू होते, आणि जरा बरं वाटताच गोळ्या बंद. असं करू नका. कोर्स साधारण दहा दिवसांचाच असतो. गोळी नाश्त्यानंतर घ्या. मधुमेह असेल तर या दिवसांत साखर चढते, ती रोज तपासा. कानात पुरळ असेल तर डॉक्टरांना जरूर सांगा. तो आजार वेगळा.

डोळ्याकडे मात्र कुणीच बघत नाही, याचं मला फार वाईट वाटतं. उघडा राहिलेला डोळा कोरडा पडून बुबुळाला जखम होते. दिवसा थेंब, रात्री मलम, आणि झोपताना पापणी नीट मिटवून कागदी चिकटपट्टी.

काचेने हात कापून बोटं बधिर झाली म्हणून याच गोळ्या घेऊ नका. तुटलेली नस शस्त्रक्रियेनेच जोडावी लागते, मग ती दिवसाला जेमतेम १ मिलिमीटर वाढते. नस भरून यावी म्हणून एरिथ्रोपोएटिन या रक्तपेशी वाढवणाऱ्या हॉर्मोनवर प्रयोग झाले आहेत, पण त्याने रक्तात गुठळ्या होण्याचा धोका असतो. कुणाच्या सांगण्यावरून ते इंजेक्शन टोचून घेऊ नका.

तीन महिन्यांनीही चेहरा पूर्ववत झाला नसेल तर पुन्हा तज्ज्ञांकडे जा.