पायथॉनच्या लिस्टवर गणित करताय? या चुका टाळा

+ दिसला की बेरीज होणार, असं धरून चालू नका. [१, २] + [३, ४] चं उत्तर [४, ६] नाही, [१, २, ३, ४] आहे. [१, २] * ३ केलं की आकडे तिप्पट होत नाहीत, तीच लिस्ट तीनदा जोडली जाते. त्यात गंमत अशी की सगळ्यांची बेरीज ९ च येते, अगदी बरोबर; सरासरी मात्र ४.५ ऐवजी १.५. एकच चाचणी करून "चाललं!" म्हणणारे इथेच फसतात. प्रत्येक आकडा गुणायचा तर सरळ लूप लिहा. नमपाय (NumPy) या गणिताच्या लायब्ररीचा शॉर्टकट नंतर शिका, तिथे + खरंच बेरीज करतो आणि नवख्याचा गोंधळ वाढतो.

लिस्टमधून लिस्ट वजा केली किंवा लिस्टला २.० ने गुणलं, तर टाइपएरर, म्हणजे 'या प्रकारावर ही क्रिया चालत नाही' असा संदेश येतो. येऊ द्या, तो वाचा. -१ ने गुणलं तर मात्र मुकाट्याने रिकामी लिस्ट मिळते.

आता माझं खास दुखणं: बोर्ड = [[०] * ३] * ३. फुली-गोळ्याचा खेळ लिहिणाऱ्या एका विद्यार्थ्याने बोर्ड[०][०] मध्ये १ ठेवला आणि पहिला अख्खा रकाना १ झाला. पठ्ठ्याने जिंकण्याची अट बदलली, इंडेक्स उलटेपालटे केले, शेवटी सगळा खेळ नव्याने लिहिला, पण कोडची ती पहिली ओळ जशीच्या तशी ठेवून! बाहेरचा * तीन ओळी बनवतच नाही, एकाच ओळीकडे तीनदा बोट दाखवतो. आतला [०] * ३ निर्धोक आहे, कारण आकडा जागच्या जागी बदलत नाही. मी रिकाम्या लिस्टपासून सुरुवात करून लूपच्या प्रत्येक फेरीत नवी ओळ अपेंड करतो, म्हणजे शेवटी जोडतो. कोडच्या दोन ओळी जास्त लागतात, लागू देत. आणि बोर्ड बनवल्यावर एक खाना बदलून लगेच प्रिंट करून बघतो.

+= चंही तसंच. नवी = जुनी लिहून नवी += [५] केलं की जुनीही बदलते, कारण लिस्ट एकच आहे. नवी = नवी + [५] मध्ये वेगळी लिस्ट तयार होते. शिवाय + ला उजवीकडे लिस्टच लागते, += ला ज्यावर लूप फिरवता येतो असं काहीही चालतं: यादी += "राम" केलं तर यादीत 'र', 'ा', 'म' असे तीन तुकडे जातात, काना सुटा! एक गोष्ट घालायची तर अपेंड वापरा. फक्त यादी = यादी.अपेंड(५) लिहू नका, हातात नन (None), म्हणजे 'काहीच नाही' उरेल.